योगी अस्वलाचा टाय

आज म्हापशात दिवसभर पाऊस, शाळेला सुट्टी, भाचा मोबाईलवर स्कूबी-डू बघतोय आणि मी शेजारी चहात पाव बुडवत. "मामा, मागचं झाड परत परत तेच येतंय!" बरोबर पकडलं पोराने, स्कूबी-डू बनवणाऱ्या हॅना-बार्बेरा जोडीची ही जुनी काटकसर. १९५७ला हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने कार्टून विभाग बंद केला, ७ ऑस्करवाल्या टॉम अँड जेरीचे निर्माते हॅना आणि बार्बेरा रस्त्यावर, मग टीव्हीच्या तुटपुंज्या बजेटमध्ये चित्रं वाचवायला त्यांच्या कार्टूनमधल्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर-टाय, म्हणजे धड तसंच ठेवून फक्त डोकं हलवायचं. जुगाडच की! पुढे १९९१ला टर्नर या अमेरिकन टीव्ही कंपनीने या जोडीचा स्टुडिओ घेतला, वर्षभरात त्याच जुन्या मालावर कार्टून नेटवर्क उभं. २००१ला हॅना गेला, स्टुडिओपण वॉर्नर ब्रदर्स कंपनीत विरघळला. भाचा आता प्रत्येकाच्या गळ्यात टाय शोधत बसलाय, माझा पाव पडला चहात.