थंड खोलीतून काढलेलं पाकीट लगेच फोडू नका

आज दिवसभर जनुकपेढीत, म्हणजे पिकांचं बी थंडीत जपून ठेवतात तिथे, ज्वारीच्या स्थानिक वाणांची उगवण चाचणी. उणे १८ अंशांतून आलेलं पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे रात्रभर, बंदच ठेवायचं. घाईने फोडलं की हवेतली वाफ गार दाण्यांवर दवासारखी बसते आणि ओलावा वाढतो. साठवणीत ३ ते ७ टक्केच ओलावा हवा. तो १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रतेत सावकाश वाळवून आणतात, उन्हात नाही. फार कोरडं बी आधी दमट हवेत ठेवावं, नाहीतर एकदम पाणी शोषून त्याच्या पेशी फाटतात आणि बी मेलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ओल्या कागदात गुंडाळी, २५ अंश, चौथ्या आणि दहाव्या दिवशी मोजणी. उगवण मूळच्या ८५ टक्क्यांखाली गेली की शेतात बी नव्याने वाढवावं लागतं.

खरी जोखीम तिथेच. ज्वारीत थोडं परपरागीकरण होतं, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण येऊन बसतात, म्हणून फुलोऱ्याआधीच कणसांना कागदी पिशव्या हव्यात. मोजकीच झाडं घेतली तर वाणातली विविधता कायमची गळते. मोहोळला स्थानिक मालदांडी ज्वारीतूनच एम ३५-१ ही जात निवडता आली, कारण ती विविधता शेतात शिल्लक होती.