तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा घेण्याआधी भाड्याने आणा

“ताई, दीड-दोन लाख साठवलेत. कोणता कॅमेरा घेऊ?” मी मराठी नाटकांचे फोटो काढते, आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत विचारला जातो. विचारणाऱ्याला एका मॉडेलचं नाव हवं असतं. तिसरी घंटा होईपर्यंत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

माझं उत्तर असं: अजून काही घेऊ नका. मनात असलेली वस्तू भाड्याने आणा आणि ज्या कामासाठी ती हवी आहे, नेमक्या त्याच कामावर न्या. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी फिरायला नेऊ नका. तिथे सूर्यास्ताला कुठलाही कॅमेरा छान फोटो देतो, त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही.

मुंबईत राहून भाड्याला कमीपणा मानायचं तर काही कारणच नाही. इथला अख्खा चित्रपटधंदा भाड्याच्या सामानावर चालतो. पॅनाव्हिजन ही कंपनी तर आपले सिनेकॅमेरे विकतच नाही, फक्त भाड्याने देते. अंधेरी पश्चिमेला लेन्सपासून क्रेनपर्यंत सगळं दिवसाच्या दराने मिळतं, आणि मोठ्या कॅमेऱ्याबरोबर तो सांभाळायला अटेंडंटही येतो. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले लोक प्रत्येक कामाला वेगळी लेन्स मागवतात. आपल्यासारख्यांचा स्टिल कॅमेरा त्या मानाने सहज मिळतो. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास, दादरला, उपनगरांत चौकशी केलीत की दुकानं सापडतात.

माझंच उदाहरण सांगते. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, शटरचा आवाज नाटकाला फार बाधतो. नट एखाद्या वाक्याआधी थांबतो, प्रेक्षागृह श्वास रोखून असतं, आणि पाचव्या रांगेतून खट्कन आवाज येतो. मग तो क्षण नटाचाही राहत नाही आणि प्रेक्षकांचाही. म्हणून मला मूक शटर असलेला मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा हवा होता. चाचण्या वाचल्या, व्हिडिओ पाहिले, सगळीकडे त्याची स्तुतीच होती. तरी मी तो भाड्याने आणला आणि एका रंगीत तालमीला घेऊन गेले.

पहिला प्रवेश सुरेख आला. दुसऱ्या प्रवेशात मागचा पडदा निळा झाला आणि फोटोंत त्या निळ्यावर आडवे काळसर पट्टे उमटले. समोर उभ्या असलेल्या नटीचा चेहरा मात्र स्वच्छ होता. एकाच फोटोत दोन गोष्टी! तालीम संपल्यावर प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या दादांना स्क्रीन दाखवली. त्यांनी वर बोट करून सांगितलं, चेहऱ्यावरचे दिवे जुने हॅलोजनचे आहेत, पडद्यावरचे एलईडी.

कारण साधं आहे. एलईडी मंद करायचा म्हणजे तो डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने बंद-चालू करत राहायचं. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, म्हणून त्याचा उजेड सलग असतो. आणि मूक शटरमध्ये कॅमेरा आपला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळी दिवा चालू असताना वाचल्या जातात, काही बंद असताना, आणि त्याचेच पट्टे दिसतात. सेन्सर जितका भरभर वाचला जाईल तितका हा त्रास कमी. स्टॅक्ड (थर रचून बनवलेल्या) सेन्सरचे कॅमेरे महाग असतात ते बऱ्याच अंशी याच वेगासाठी. निकॉनने 2021 साली आणलेल्या झेड 9 मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेलंच नाही, इतका त्या वेगावर भरवसा आहे. एलईडी फारच चंचल असेल तर तिथेही पट्टे येऊ शकतात, पण रोजच्या कामात फरक मोठा पडतो.

तालमीनंतर मी माझं बजेट बदललं. मेगापिक्सेल कमी चालतील, सेन्सर वेगाने वाचला गेला पाहिजे, हे मला त्या निळ्या पडद्याने शिकवलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला किंवा सह्याद्रीत भटकणाऱ्याला याच कॅमेऱ्यात कदाचित काहीच खोट दिसली नसती. म्हणूनच “कोणता घेऊ” या प्रश्नाला दुसऱ्या कुणाचं उत्तर उपयोगी पडत नाही.

लेन्सचं तर याहून जास्त. माझ्या एका मैत्रिणीला ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे होते आणि त्यासाठी 150-600 मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायची तिने ठरवूनच टाकली होती. ती लेन्स जवळजवळ दोन किलोची. मी म्हटलं, आधी भाड्याने आण आणि ऐरोलीहून भरतीच्या वेळी जी बोट सुटते, तिच्यातून जाऊन ये. बोट हलते, त्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग नाही. थवा उडाला की लेन्स पटकन उचलायची, तोवर ती मांडीवर. तासाभराने तिचा डावा हात थरथरायला लागला, आणि शेवटी शेवटी पक्षी जवळ येऊनही तिने लेन्स उचललीच नाही. फोटोंच्या फाइलमधली माहिती पाहिली तर बरेचसे फोटो तिने 400 च्या आतच काढले होते. आता तिच्याकडे 100-400 आहे, आणि ती लोकलने खाडीवर जाते.

ती माहिती तुमच्याकडे आत्ताही आहे, तेवढी आधी बघा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरवर होती), शटरचा वेग, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) नोंदलेलं असतं. गेल्या वर्षभरातले स्वतःला आवडलेले फोटो काढा आणि ते किती मिलिमीटरवर घेतलेत ते पाहा. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स सतत 18 वरच अडकलेली दिसली तर तुम्हाला रुंद लेन्स हवी आहे, मग मन कितीही लांबचं टिपणाऱ्या टेलि लेन्सकडे धावत असो. हे पाहून झालं की भाड्याने आणण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा. “सभागृहात 6400 आयएसओवर चेहरा मला चालेल असा येतो का?” असा. “कॅमेरा कसा आहे?” हा प्रश्न नव्हे.

घरात जुन्या लेन्स असतील तर नुसती बॉडी आणि जुनी लेन्स तिला जोडणारा अ‍ॅडॅप्टर आणा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टर लावून नव्या आरएफ मिररलेस बॉडीवर उत्तम चालतात. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स मात्र झेड मालिकेतल्या मिररलेस बॉडीवर कंपनीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्यांना फिरवणारी मोटर बॉडीत असायची आणि या अ‍ॅडॅप्टरमध्ये ती नाही. वडिलांच्या लेन्स वापरायच्या म्हणून निकॉन घेणाऱ्यांनी हे आधीच हाताळून पाहावं.

दुकानात ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि डिपॉझिट लागतं. नवीन गिऱ्हाइकाकडून डिपॉझिट बरंच मागतात, त्याचा राग मानू नका. लेन्स हातात आली की काउंटरवरच मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारून काच बघा. ओरखडा, बुरशी, धूळ जे दिसेल त्याचा त्यांच्यासमोर व्हिडिओ घ्या आणि सीरियल नंबरचा फोटो काढा. काही बिघडलं तर किती भरावं लागेल, हे लिहून मागा. घरी आल्यावर कॅमेऱ्याची सेटिंग्ज रीसेट करा. व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकतीही आपल्या नजरेला जुळवून घ्या. आधीच्या माणसाच्या चष्म्याच्या नंबरावर ती ठेवलेली असते आणि लोक उगाच म्हणतात, “व्ह्यूफाइंडर धूसर आहे.” शिवाय भाड्याची वस्तू शंभर हातांतून फिरलेली असते. झूमची रिंग सैल वाटली म्हणून त्या मॉडेललाच नाव ठेवू नका.

काढलेल्या फाइल्स त्याच रात्री घरच्या लॅपटॉपवर उघडा. 45 मेगापिक्सेलची रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल चाळीस-पन्नास एमबीची होऊ शकते, आणि एका प्रयोगाचे हजारभर फोटो सहज होतात. कॅमेरा आवडला पण लॅपटॉप गुदमरला, तर खर्च दुप्पट होणार आहे. हे दुकानदार सांगणार नाही.

काही वस्तू मात्र कायम भाड्यानेच वापराव्यात असं माझं ठाम मत आहे, आणि त्यामागे आपला पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, आणि ते फार वाढले तर साफ करूनही कोटिंगवर डाग राहतो. ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटात, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवली, किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी सुकवलं, तर लेन्स टिकते. पण वर्षातून दोनदा लागणाऱ्या लेन्ससाठी हे कोण करणार? समजा, लेन्स दीड लाखाची आणि दिवसाचं भाडं दीड हजार. म्हणजे शंभर दिवस भाड्याने आणल्यावर तिची किंमत होते. तुमचे दिवस तुम्हीच मोजा.

उलट, जी लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावरून उतरतच नाही, ती बिनधास्त विकत घ्या. रोजच्या सवयीने बोटं आपोआप बटणावर जातात, आणि ती सवय भाड्याच्या वस्तूने लागत नाही. अगदी नव्याने शिकणाऱ्यालाही मी भाड्याच्या वाटेला लावत नाही. त्याने एखादी वापरलेली साधी बॉडी आणि 50 एमएम घ्यावी, वर्षभर तीच वापरावी आणि मग मला विचारावं.

आणि एक, भाड्याने दोनदा आणा. पहिल्यांदा नवलाई असते, सगळंच आवडतं. दुसऱ्यांदा आणताना कामाचा कंटाळा आलेला दिवस निवडा. गणपतीत, लग्नसराईत आणि पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेच्या दिवशी चांगल्या लेन्स आधीच बुक झालेल्या असतात, तेव्हा त्या तारखांसाठी महिनाभर आधी फोन करा. चाचणीसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर दुकानदाराला वेळही असतो, आणि आदल्या संध्याकाळी सामान नेऊ देतो का, हे तेव्हाच विचारून घ्या.