ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजरच्या कारखान्यातील एक दिवस

ब्रेझ्ड प्लेट हीट एक्स्चेंजर म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेल्या पत्र्यांची थप्पी, जिच्यात एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला मिळते. हे यंत्र कसे घडते हे पाहायला जाणाऱ्याची ओढ पत्रे जोडणाऱ्या भट्टीकडे असते, तशी माझीही होती. पण भट्टीपाशी बंद दार, निर्वात पंपांची घरघर आणि पडद्यावर चढणारी तापमानाची रेषा, याखेरीज काही दिसत नाही. एका खेपेला कित्येक तास लागतात. म्हणून भेट ठरवतानाच माल बाहेर निघण्याची वेळ विचारून घ्यावी आणि तोवरचा वेळ प्रेस व रचणीच्या विभागात घालवावा.

प्रेसवर सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर माशाच्या काट्यासारखी तिरकस नक्षी उठते. तिथे कानात बोळे हवेतच. रचणीच्या मेजावर दोन पत्र्यांमध्ये तांब्याची पातळ पत्री येते आणि प्रत्येक दुसरी प्लेट १८० अंशांत फिरवून ठेवली जाते, त्यामुळे समोरासमोरचे उंचवटे एकमेकांना छेदून असंख्य ठिकाणी टेकतात आणि गरम व थंड द्रवांना एकाआड एक वाटा मिळतात. एखादी प्लेट उलटी बसली, तर ते बाजूने पाहिल्यावर कळते. रचणारी बाई प्रत्येक थप्पी उजेडाकडे वळवून नेमके हेच पाहत होती. मला मात्र तिने दाखवल्याशिवाय ते दिसले नाही. प्लेटला उघडा हात लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा जोड बिघडवू शकतो.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. भट्टी त्याच्या थोडी वर नेतात, पोलाद घनच राहते आणि पातळ झालेले तांबे केशाकर्षणाने टेकलेल्या जागांकडे ओढले जाते. निर्वात नसेल तर पोलादावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे तांबे नीट पसरत नाही. अमोनिया तांब्याला खातो, म्हणून तो वाहणार असेल तिथे निकेलचा जोड देतात.

नंतरची हेलियमची गळती चाचणी झटपट उरकते. निघण्यापूर्वी मधोमध कापलेला नमुना आवर्जून मागावा आणि सोबत भिंग न्यावे: राखाडी पोलादाच्या दोन लाटा जिथे टेकतात, तिथे कोपऱ्यात तांब्याची लालसर, अंतर्वक्र कड साचलेली दिसते. माझ्या नमुन्यात एका टेकूपाशी ती नव्हती, आणि तो तुकडा नापास झालेल्या मालातला होता.