मूळ संचात नाही

नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ असं छापलेलं दिसलं की लगेच तिकीट काढणारी माणसं असतात. मी त्यांतलाच. पण जेथ्रो टल या इंग्लिश बँडच्या बाबतीत हा हट्ट धरला, तर 1968 च्या पहिल्या अल्बमवरच थांबावं लागेल. (बँडचं नाव यांत्रिक पाभर बनवणाऱ्या जुन्या शेतीसुधारकाचं. लोकसंगीताकडे झुकणाऱ्या रॉकला ते शोभतंही.) त्या अल्बमच्या वेष्टनावर विशीतली चार पोरं म्हाताऱ्यांच्या सोंगात बसलीत आणि नाव काय, तर ‘धिस वॉज’! जणू आताच भूतकाळ झाले. काही महिन्यांत गिटारवादक मिक एब्राहम्स बाहेर पडला. त्याला ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकगीतांतून आलेलं संगीत, हवा होता, बासरीवाल्या इयन अँडरसनला आणखी बरंच काही.

माझा लाडका मात्र जेफ्री हॅमंड. हा अँडरसनचा ब्लॅकपूलचा जुना दोस्त. पहिल्या तिन्ही अल्बममध्ये त्याच्या नावाचं एकेक गाणं आहे, पण तो स्वतः बँडमध्ये नाहीच! गाण्यांतून आधी येऊन गेलेला हा गडी 1971 च्या सुमारास बेस गिटार वाजवायला आला, तोही हात फारसा बसलेला नसताना. पुढे झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा सूट, तशाच पट्ट्यांची गिटार, असा मंचावर हुंदडला आणि 1975 मध्ये चित्रं काढायला निघून गेला. ना भांडण, ना कोर्टकचेरी.

सगळ्यांचंच असं झालं नाही. त्याच्या जागी आलेला जॉन ग्लास्कॉक 1979 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी हृदयाच्या आजाराने गेला. पुढच्या वर्षी अँडरसनने स्वतःचा म्हणून केलेला अल्बम कंपनीने बँडच्या नावावर काढला, आणि जुने तिघे बाहेर झाले. टेपच्या डब्यांवर अँडरसनचा ‘ए’ लिहिलेला होता, तेच अल्बमचं नाव.

टिकला तो मार्टिन बार. एब्राहम्सच्या जागी आला आणि चाळीसहून जास्त वर्षं राहिला. अँडरसनने 2017 मध्ये बँडचं नाव पुन्हा लावलं तेव्हा तो संचात नव्हता. नाव अँडरसनचंच, हे मान्य. तरी नवे अल्बम ऐकताना बासरी थांबली की माझा कान त्या गिटारची वाट बघतो. वाजवणारा वाईट नाही हो, पण बार नाही.