विक्रीयंत्रांची नोंदवही: सागामिहाराची फेरी

जपानमधल्या विक्रीयंत्रांतून (नाणी टाकली की वस्तू देणाऱ्या यंत्रांतून) मिळणाऱ्या निरनिराळ्या वस्तू मी एका नोंदवहीत टिपतो. या महिन्यात तिच्यात नऊ वस्तूंची भर पडली आणि एकूण आकडा 74 वर गेला. त्यांपैकी सहा नोंदी सागामिहारातल्या आहेत. टोकियोलगतच्या कानागावा प्रांतातील या शहरात जुन्या टायरांच्या एका दुकानाने मुख्यतः 1970 च्या दशकापासूनची विक्रीयंत्रे जमवून, दुरुस्त करून आवारात चालती ठेवली आहेत.

सर्वाधिक वेळ गेला तो उदोनच्या, म्हणजे रश्शातल्या जाड जपानी शेवयांच्या यंत्रापाशी. नाणी टाकताच निक्सी नळीतले (आकडे उजळवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळीतले) नारिंगी आकडे उलटे मोजू लागतात. आत, आधीच भरून ठेवलेल्या वाडग्यातील जाड शेवयांवर उकळते पाणी पडते, वाडगा गरगर फिरून ते पाणी झटकून टाकतो, मग वरून रस्सा येतो. आणि हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. शेजारच्या यंत्रातला टोस्ट अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेलाच भाजला जात असल्यामुळे इतका तापून बाहेर येतो, की मला तो रुमालात धरावा लागला. बर्गरचा पाव मात्र वाफेने ओलसर होतो. जाणकारांना तो तसाच आवडतो, मला नाही.

मोजणीच्या नियमाबद्दल एक खुलासा. निळ्या पट्टीखालची थंड कॉफी आणि लाल पट्टीखालची गरम कॉफी मी एकच वस्तू धरतो. एरवी एकट्या डब्यांनीच शंभरी गाठता येईल, आणि त्यात काही मौज नाही. खेड्यांतली अंड्यांची यंत्रे मोजतो, जरी ती नाणे घेऊन कप्प्याचे दार उघडण्यापलीकडे फारसे काही करत नसली तरी. गोठवलेल्या पदार्थांसाठी जानेवारी 2021 मध्ये बाजारात आलेल्या ‘दोहिएमोन’ या यंत्रात लहानमोठ्या आकारांची पाकिटे मावतात. त्यामुळे ग्योझा (सारण भरलेल्या करंज्यांसारखा पदार्थ), रामेन (रश्शातल्या शेवया) यांची स्वतंत्र पाने करावी लागली.

एक नोंद अजून पेन्सिलीनेच आहे. हिरोशिमाजवळच्या एताजिमा येथील एक कंपनी यंत्रातून सूपासाठीचा सोया-अर्क विकते, आणि त्या बाटलीत भाजलेला अख्खा उडता मासा असतो. ती एक वस्तू मानावी की दोन, यावर घरात वाद झाला. घरातली मंडळी शाकाहारी असल्याने बाटली सध्या माझ्या पुस्तकांच्या कपाटात, न उघडता ठेवलेली आहे.