वाफशावरची शर्यत

२० सप्टेंबर

१९६३ साली आजच्याच दिवशी एडिनबराच्या ओल्ड मेडोबँक ट्रॅकवर स्पीडवेच्या, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत पीटर क्रेव्हन कुंपणावर आदळला. पुढचा गडी पडला होता. त्याच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून क्रेव्हनने ती बाजूला काढली. चार दिवसांनी, २४ तारखेला तो गेला. वय २९. १९५५ आणि १९६२ असा दोनदा जगज्जेता, अंगाने किरकोळ, आणि गाडीवरचा तोल असा की लोक त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत.

स्पीडवेच्या गाडीला ब्रेक नसतात, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थाप वाटते. खरंच नसतात, नियमच तसा आहे. चार जण हातभर अंतराने वळणात शिरतात. त्यातल्या एकाने ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर. म्हणून कुणालाच नाही. ५०० सीसीचं एकच सिलिंडर, एकच गिअर, मागे शॉकअब्सॉर्बर नाही, वजन किमान ७७ किलो. चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट, आणि साधारण एका मिनिटात खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, मग २, मग १, शेवटच्याला भोपळा.

वेग कमी होतो तो गाडी आडवी घालून. वळणाच्या तोंडाशी मागचं चाक घसरवायचं, हँडल उजवीकडे द्यायचं आणि डावा पाय पुढे टाकायचा. त्या बुटाखाली पोलादी तळ पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्याच्यावर अंगाचा भार टाकायचा नसतो, तो नुसता जमीन चाचपत जातो. गाडी किती घसरणार हे उजव्या मनगटात असतं. रेस दिली की मागचं चाक आणखी बाहेर सरकतं आणि गाडी वळते. एकदम सोडली की चाक मातीला धरतं, गाडी झटक्यात उभी होते आणि सरळ कुंपणाकडे निघते. घाबरलेला नवशिका नेमकी रेस सोडतो. रस्त्यावर कमावलेली सवय इथे वैरीण.

समोर कुणी पडला तर वाटा दोनच. जागा असेल तर चुकवायचं, नसेल तर गाडी मुद्दाम आडवी पाडून स्वतः पडायचं. रायडरच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. माणूस गाडीपासून सुटला की ती ओढली जाते आणि ठिणगी बंद होऊन इंजिन थांबतं. म्हणजे पडणं हाच काय तो ब्रेक. क्रेव्हनने पहिली वाट घेतली.

१ नोव्हेंबर

इंग्लंडातला हंगाम संपला. या दिवसांत जुने प्रेक्षक हाइड रोडच्या आठवणी काढतात. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा हा ट्रॅक १९२९ पासूनचा, फेरी ३८० मीटरच्या आसपास, वळणं ऐसपैस. १९८७ च्या हंगामानंतर जागा विकली गेली आणि तिथे जुन्या गाड्यांचे लिलाव होऊ लागले. लोक हळहळतात ते स्टँडसाठी, दिव्यांसाठी. माझ्या मते खरी गेली ती बाहेरची लाइन, म्हणजे कुंपणालगतून जायची वाट.

ट्रॅकवर लाल शेल अंथरलेली असते. कोळशाच्या खाणींजवळच्या ढिगाऱ्यात भाजून लाल झालेला हा दगड, बारीक दळलेला. आपल्या मुरुमाचा विलायती चुलतभाऊ म्हणा. प्रत्येक फेरीत चार चाकं तो मोकळा करतात आणि बाहेर फेकतात. दोन-तीन शर्यती झाल्या की आतली कड घासून गुळगुळीत होते आणि कुंपणाजवळ मोकळ्या मातीचा पट्टा साचतो. आतून अंतर कमी पण पकड नाही. बाहेरून अंतर जास्त, पण त्या मातीत मागचं चाक रुतून जोर धरतं आणि वळणातून निघताना गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. हाइड रोडला वळणं इतकी रुंद की हा हिशेब बाहेरच्याच्या बाजूने लागायचा. पीटर कॉलिन्स, ख्रिस मॉर्टन ही मंडळी शेवटून निघून कुंपणाला घासत पुढे यायची ती त्याच बळावर. कॉलिन्स १९७६ ला पोलंडमध्ये खोझुफला जगज्जेता झाला. अरुंद ट्रॅकवर मात्र ज्याची सुरुवात चांगली त्याचीच शर्यत. बाकीचे तिघे मिरवणुकीतले.

सगळं अवलंबून आहे ते ओलीवर. यासाठी आपल्या शेतकऱ्याचा शब्द इतका नेमका आहे की दुसरा शोधायला नको: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर फुटावा, आणि हाताला चिखल लागू नये. लाल मातीचा हौदा राखणाऱ्या कोल्हापूरच्या वस्तादाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

वाफसा आणायचा तर पाणी आदल्या दिवशीपासून मारावं लागतं, थोडं थोडं, मुरायला वेळ देत, मधे रोलर फिरवत. शर्यतीच्या तासभर आधी टँकर ओतला तर वरचा थर निसरडा आणि खाली खडखडीत. पहिल्या दोन शर्यतींत वरचा ओला पापुद्रा उडून जातो आणि पुढे प्रेक्षकांना धुरळ्याशिवाय काही दिसत नाही. जास्त पाणी झालं तर वळणाच्या तोंडाशी, जिथे सगळे एकाच जागी गाडी आडवी घालतात, तिथे चाकोरी पडते. चाकोरीत मागचं चाक सापडलं की पकड अचानक वाढते, पुढचं चाक हवेत जातं आणि रायडर प्रवासी होतो. म्हणून साधारण दर चार शर्यतींनंतर ट्रॅक्टर पातं लावून फिरतो, बाहेर गेलेली माती आत ओढतो, आणि मागून पाण्याची गाडी हलका हात मारते. पाऊस येणार असेल तर उलटं तंत्र: माती अजिबात उकरायची नाही, रोलरने दाबून कातडं घट्ट करायचं, म्हणजे पाणी वरून वाहून जातं. उकरलेल्या ट्रॅकवर सर पडली तर त्या दिवशीची स्पर्धा विसरा.

मोठ्या स्टेडियममध्ये गवत काढून तात्पुरता ट्रॅक अंथरतात, तेव्हा हेच नडतं. माती आणता येते, तिला बसायला लागणारा वेळ आणता येत नाही. खालचा थर एकजीव झालेला नसतो, चाकं वरचा थर कापून तळाला जातात. एप्रिल २०१५ मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवरची ग्रां प्री १२ शर्यतींनंतर गुंडाळावी लागली. ट्रॅक उखडला आणि सुरुवातीला रायडरांपुढे आडव्या धरलेल्या आणि झटक्यात वर उडणाऱ्या फितींचं यंत्रही रुसलं. आणि नवा कायमचा ट्रॅक तरी कुठे लगेच ऐकतो? मार्च २०१६ मध्ये बेल व्ह्यूच्या नव्या स्टेडियमचं उद्घाटन क्रेव्हनच्या नावाच्या स्पर्धेने व्हायचं होतं. ट्रॅक धड नाही म्हणून तीच रद्द झाली.

३ डिसेंबर

जुन्या माणसांना विचारा, स्पीडवे म्हटल्यावर आधी वास आठवतो. तो वास एरंडेलाचा. हो, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच. या इंजिनात पेट्रोल नसतं, मिथेनॉल असतं. साधं खनिज तेल मिथेनॉलने धुऊन निघण्याची भीती, म्हणून इंजिनात एरंडेलावर बेतलेलं तेल घालत. गरम सिलिंडरमध्ये ते जळलं की गोडसर, उग्र असा धूर येतो. कॅस्ट्रॉल या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजे हाच एरंड.

मिथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, म्हणून कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं भोक, म्हणजे जेट, मोठा. पण ते वाफ होताना इतकी उष्णता ओढून घेतं की कॉम्प्रेशन खूप चढवूनही इंजिन ठोकत नाही. याची किंमत हिवाळ्यात कळते. मिथेनॉल हवेतलं पाणी पितं. हंगाम संपल्यावर ते टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि जेट तुंबतो. म्हणून टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटर खोलून पुसायचा, तेल बदलायचं, कारण न जळलेलं इंधन रिंगांवरून खाली उतरून तेल पातळ करतं. आणखी एक: मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, कुणी आग न दिसता अंग झटकू लागला तर त्याला वेड्यात काढू नका, पाणी ओता.

गिअर एकच असल्यामुळे ट्रॅकप्रमाणे मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, बदलतात. ५६ दात्यांचं काढून ५७ चं लावलं तर फरक पावणेदोन टक्के, पण सुरुवातीला तेवढ्यात अर्धी गाडी पुढे-मागे होते. लांब ट्रॅकला दाते कमी, छोट्या वळणदार ट्रॅकला जास्त. माती जड आणि पकडीची असेल तर इंजिन दमतं, तेव्हाही जास्त. टायर तर फक्त डाव्या कडेवर झिजतो, कारण गाडी उजवीकडे कलतच नाही. नक्षीच्या ठोकळ्यांची धार गोल झाली की चाक काढून टायर पलटवायचा आणि दुसरी कड वापरायची. काटकसर म्हणाल तर ही.

१५ डिसेंबर

१९२३. ऑस्ट्रेलियातलं वेस्ट मेटलंड. तिथल्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात मोटारसायकलींची शर्यत झाली. आयोजक जॉनी हॉस्किन्स, मूळचा न्यूझीलंडचा. खेळाचा जन्म इथलाच की आणखी कुठला, यावर वाद आहेत, कारण मातीवरच्या शर्यती त्याआधीही व्हायच्या. पण बैल आणि भाजीपाला मिरवायच्या जागेवर हे सुरू झालं, हे मला शोभून दिसतं.

पहिली जागतिक अंतिम स्पर्धा १९३६ ला वेम्ब्लीवर. जिंकला ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग. त्याच रात्री ब्लूई विल्किन्सन पाचही शर्यती जिंकून तिसरा आला. आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण त्यात मिळवायचे, असा नियम होता. १९३८ मध्ये जगज्जेता होऊन त्याने ती कसर भरून काढली.

११ जानेवारी

सुरुवातीबद्दल. फिती खाली असताना रायडर बुटाने माती उकरत बसतो, ते नखरे नसतात. मागच्या चाकाखाली आधीच्या शर्यतीचा खड्डा असतो, गाडी तिरकी सुटू नये म्हणून तो भरायचा, आणि चाक घट्ट मातीवर ठेवायचं. मग छाती हँडलवर, वजन पुढे, नाहीतर क्लच सोडताच पुढचं चाक आभाळाकडे. लक्ष फितीकडे नाही, ती धरून ठेवणाऱ्या यंत्राकडे. क्लच तापलेला असेल तर पूर्ण सुटत नाही, गाडी पुढे ओढू लागते आणि फितीला टेकते. टेकली की बाद, किंवा काही स्पर्धांत १५ मीटर मागून सुरुवात.

या कलेत आयव्हन मॉगरचा हात धरणारा कुणी नव्हता. सहा जगज्जेतेपदं: १९६८, ६९, ७०, ७२, ७७, ७९. आणि तरीही १९७३ ला खोझुफमध्ये यझी श्चाकिएल आणि तो दोघेही १३ गुणांवर थांबले, निकालाच्या शर्यतीत श्चाकिएल पुढे सुटला, मॉगर त्याच्या मागच्या चाकाला लागून पडला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. मॉगरने चूक केली असं मी म्हणणार नाही. मागून जायचं त्याला फारसं माहीतच नव्हतं, गरजच कधी पडली नव्हती.

१९ फेब्रुवारी

१९२८ ला लंडनजवळच्या हाय बीचवर, किंग्ज ओक नावाच्या हॉटेलमागे, इंग्लंडातली पहिली म्हणवली जाणारी स्पर्धा. आदल्या वर्षी कॅम्बरलीला झाली होती, पण वाळूवर आणि घड्याळाच्या दिशेने, म्हणून जाणकार ती मोजत नाहीत. हाय बीचवर अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी लोटली, लोक ट्रॅकच्या आतसुद्धा उभे. ट्रॅक कोळशाच्या राखेचा. सुरुवातीच्या काळात अशा जाड, सैल राखेवर लांबलचक डग्लस गाड्या चालायच्या, रायडर डावा पाय मागे ओढत वळायचे. पुढे जे.ए.पी. इंजिनाच्या हलक्या, आखूड गाड्या आल्या, माती पातळ झाली, आणि पाय पुढे आला. पायाची ढब बदलली ती मातीमुळे.

लंडनचे ट्रॅक एकेक करून गेले. हॅकनी विकच्या जागेवर २०१२ च्या ऑलिंपिकचं माध्यम केंद्र उभं राहिलं. विम्बल्डनच्या जागी फुटबॉलचं मैदान. वेस्ट हॅमचं १९७२ मध्ये बंद झालं, तिथे आता घरं आहेत आणि रस्त्यांना विल्किन्सन, हॉस्किन्स अशी नावं.

जे उरलेत तिथे आता कामाला लागायची वेळ. थंडीत गोठून-वितळून माती फुगलेली असते, वरून घट्ट दिसते आणि आत पोकळ. ती आधी उकरायची, मोठे खडे वेचायचे, कमी पडलेल्या जागी नवी शेल टाकायची, मग पाणी, मग रोलर, पुन्हा पाणी. हवेच्या कुंपणाचे, म्हणजे आदळणाऱ्याला झेलणाऱ्या फुगवलेल्या गाद्यांचे, पंखे लावून शिवणी तपासायच्या. आणि पहिल्या सरावाला चौघांना एकदम सोडायचं नाही. एकेकाला पाठवायचं, आणि तो परतला की तिसऱ्या वळणातली माती मुठीत घेऊन बघायची.