बाण अजून सोडायचा नाही

सुट्टीला नागपूरला आले आणि तिसऱ्याच दिवशी आईने महाल भागातल्या घराच्या गच्चीवर कुरोड्यांचा घाट घातला. मे महिना, सकाळी साडेसातलाच ऊन चटके देत होतं. एकीकडे ती जुन्या धोतरावर कुरोड्या घालत होती, दुसरीकडे मी नागोयाहून आणलेलं सरावाचं रबरी धनुष्य ओढत उभी.

"काय करून राहिली वं? बाण कुठाय?"

"बाण नाही. हे नुसतं ओढायचं."

"दोन वर्षं झाली ना तुले शिकून?"

झाली. क्यूदो म्हणजे जपानी धनुर्विद्या. धनुष्य माझ्याहून कितीतरी उंच, साधारण २२१ सेंटिमीटर. निशाण ३६ सेंटिमीटर व्यासाचं, २८ मीटरवर. पण नवख्याला आधी रबर, मग माकिवारा, म्हणजे पेंढ्याचा घट्ट आवळलेला गठ्ठा, जेमतेम दोन मीटरवर. तिथे नेम चुकायचा प्रश्नच नाही, त्यामुळे सेन्सेई, म्हणजे शिकवणारे गुरुजी, बाणाकडे बघतच नाहीत. खांदे बघतात, कोपर बघतात.

पाय रोवण्यापासून बाण गेल्यावर तसंच उभं राहण्यापर्यंत आठ टप्पे. सातवा सोडण्याचा. त्याआधीचा 'काइ', पूर्ण ओढून थांबण्याचा. बाहेरून काहीच घडत नाही. आत मात्र डावा हात निशाणाकडे, उजवं कोपर मागे असं ताणत जायचं, छाती उघडू द्यायची, श्वास पोटात. पाच-सहा सेकंद. माझी बोटं बाण गालाशी आला की सुटायचीच, मी ठरवायच्या आधी. या खोडीला तिथे 'हायाके' म्हणतात. मुरलेल्यांनाही ती जडते.

गेल्या हिवाळ्यात माझे बाण निशाणावर चांगले लागत होते, आणि तेव्हाच सेन्सेईंनी मला परत पेंढ्यापुढे उभं केलं. चार महिने! पहिल्या दिवशी घरी जाताना ट्रेनमध्ये रडले. लागतंय ना, मग? फार उशिरा कळलं की लागत होतं म्हणूनच मला थांबावंसं वाटत नव्हतं.

आईने सोऱ्या बाजूला ठेवला. "ओढ. मी मोजतो." तिच्या मनगटापर्यंत चीक लागलेला. एक, दोन... सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत. चारला बोटं शिवशिवली.

"थांब ना वं."

पाच.

"चीक गार होऊन राहिला," ती पुटपुटली, आणि तशीच उभी राहून म्हणाली, "सहा."